कोणासाठीचा रकाना

अकरावा विसावा
९ नोव्हेंबर

ढिम्म्या,

हे पत्र सामानाच्या टेम्पोतून येतंय. टेम्पोवाल्या काकांना म्हटलं, बाराव्या विसाव्यावर एक जाडा, चष्मेवाला, तोंडावर माशी बसली तरी न हलणारा माणूस दिसेल, त्याच्या हातात द्या. ते म्हणाले, "काल तुम्ही ज्याच्यावर ओरडत होतात तोच ना?" म्हणजे आपली शोभा सगळ्या यात्रेने बघितली आहे. छान.

सकाळी उठलो तर शेजारची खाट रिकामी. चादरीची घडीसुद्धा घालून गेलास. माझी टाच टम्म सुजली आहे, बुटात जात नाही, इथल्या बाईंनी दोन दिवस जमिनीला टेकवायची नाही म्हणून बजावलंय. आणि माझा जिवलग मित्र पायही न वाजवता पसार. अकरा दिवस तू माझ्या मागून दोन-दोन तास उशिरा डुलत यायचास. प्रत्येक विसाव्याच्या पायरीवर मी तुझी वाट बघत बसलो. एकदा, फक्त एकदा तुझ्यावर थांबायची वेळ आली, तर साहेबांना पंख फुटले.

कालचं मी विसरणार नाही. अकराव्यापासून दाराशी फळा असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दहा विसाव्यांत अर्धी माणसं घरी पळतात, म्हणून तिथे खडू वाया घालवत नाहीत असं बाई म्हणाल्या. फळ्यावर चालणाऱ्याचं नाव नसतं, ज्याच्यासाठी चालायचं त्याचं असतं. कोणाचे वडील अंथरुणाला खिळलेले, कोणाची बायको दवाखान्यात. त्यांत तिचं नाव, पुढे मी अर्जात भरलेलं कारण: "चालू शकत नाही". मला वाटलं, ते बघून तुला काहीतरी वाटेल. इतके दिवस मी तोंडातून अवाक्षर न काढता तिच्या नावाने चालतोय, तुलाही सांगितलं नाही. तू फळा वाचलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तिचे पाय धडधाकट आहेत. चालायचं असेल तर ती स्वतः चालेल."

एवढंच करून थांबला असतास तरी मी गिळलं असतं. पण तू फोन करायला गेलास, परत आलास आणि म्हणालास, "तिला कळलंय." कोणी कळवलं? तिची मावशी म्हणजे तुझी आई. तू आईला फोन केलास, आईने बहिणीला, बहिणीने मुलीला. गणित सोपं आहे. मावसभाऊ म्हणून तुझं नाक त्यात खुपसलं जाणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

आता तुला सांगतो मी काय ठरवलं होतं. बावीस विसाव्यांचे बावीस शिक्के पुरे करायचे, डोंगरावरच्या देवस्थानाच्या कार्यालयातून तिच्या नावाचं प्रशस्तिपत्र घ्यायचं, आणि तिच्या हातात द्यायचं. एक शब्द न बोलता. वर्षभर ती माझ्या एकाही पत्राला उत्तर देत नाही. जिच्यासाठी मी तिसऱ्या वर्षात फार्मसीवर लाथ मारली, ती. निदान त्या कागदाकडे तरी तिला बघावं लागलं असतं. तू त्याच्यावर पाणी ओतलंस.

माझी वाट बघू नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाहीये. बाराव्यावर किती दिवस आहेस ते कळव.

भडकू

॰

बारावा विसावा
९ नोव्हेंबर, संध्याकाळ

भडकूशेठ,

टेम्पो रिकामा मागे जातोय, त्याच्याबरोबर हे देतो. काका म्हणतात, तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या नेण्यापेक्षा बॅगा बऱ्या, त्या निदान शिव्या देत नाहीत. तुझं पत्र त्यांनी वाचलंय हे उघड आहे.

तू सगळं लिहिलंस, एक सोडून. काठी. "तिला कळलंय" असं मी म्हटल्यावर तू काठी फेकलीस. ती माझ्या चष्म्यावर बसली. डावी काच मधोमध तडकली आहे. मी दिवसभर दुकानात बसून लोकांची भिंगं घासतो, म्हणून तुला वाटत असेल की माझ्या खिशात चार भिंगं खुळखुळत असतील. नाहीत. डाव्या डोळ्याने मला सध्या दोन दोन रस्ते दिसतात आणि दोन्हींवर तू उभा असतोस. म्हणून पहाटे निघालो. थांबलो असतो तर तुझी काठी तुझ्याच डोक्यात घातली असती. तू मला ढिम्म म्हणतोस म्हणून मला राग येत नाही अशी तुझी समजूत आहे.

चहाडीचं. तिला कळलं ते माझ्यामुळे नाही. आईला फोन केला तेव्हा आईनेच मला सांगितलं, आणि ऐकून माझे हातपाय गार पडले. मग मी तिच्या वसतिगृहात फोन लावला आणि चालणारा माणूस कोण ते तिला सांगितलं. तेवढं मी केलं. हजारदा करीन. का केलं ते मी लिहिणार नाही. मी लिहिलं तर म्हणशील, बहिणीची वकिली करतोय. ती स्वतः लिहिणार आहे. तिला तुझा चौदाव्या विसाव्याचा पत्ता दिलाय.

तोवर एक काम कर. शिक्क्यांच्या वहीचं शेवटचं पान वाच. नियम चौथा: "कोणासाठी" या रकान्यातलं नाव कोणत्याही विसाव्यावर बदलता येतं, पण बदललं की आधीचे सगळे शिक्के रद्द. तिचं नाव काढ. अकरा शिक्के जातील, जाऊ देत.

टाचेला गरम पाण्याचा शेक दे. थंड नाही. तू उलटंच करत असणार.

ढिम्म

॰

बारावा विसावा
११ नोव्हेंबर

ढिम्म,

मी आत्ता या विसाव्याच्या जेवणघरातून उठून आलोय, माझे कान अजून तापलेले आहेत आणि तू समोर असतास तर उजवी काचही शिल्लक राहिली नसती.

लंगडत लंगडत पोचलो. वही दाखवली, शिक्का घेतला. जेवायच्या आधी इथले व्यवस्थापक सगळ्यांना फळ्यासमोर उभं करतात. एकेक नाव वाचायचं, मिनिटभर शांत राहायचं. मी हात जोडून उभा. तिचं नाव येईल म्हणून वाट बघतोय. आणि ते वाचतात काय, तर माझं नाव. आडनावासकट. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: "डोकं".

मला आधी वाटलं दुसरा कोणी असेल. माझ्या शेजारी एक निवृत्त परिचारिका उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "डोक्यात गाठ असणार. वय काय दिलंय बघा, बावीस. आईबापांनी काय करायचं?" आणि डोळे मिटले. माझ्यासाठी. त्यांच्या पलीकडचा एक ट्रकवाला, माझ्या दुप्पट धिप्पाड माणूस, तोही डोळे मिटून उभा. पंचवीस माणसं माझ्या डोक्यासाठी गप्प उभी होती आणि मी त्यांच्यात, दोन पायांवर, भूक लागलेला.

मी म्हटलं, "अहो, हा मीच आहे. मला काही झालेलं नाही." तर परिचारिकाबाईंनी माझा हात धरला. "असं वाटतं सुरुवातीला," म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो काकू, मी ठणठणीत आहे, हा माझ्या मित्राचा चावटपणा आहे." मी जितका जोरात बोलायला लागलो तितके सगळे माझ्याकडे अधिकाधिक मायेने बघायला लागले. ट्रकवाल्याने स्वतःची खुर्ची मला दिली. वाढणाऱ्याने विचारलंसुद्धा नाही, मऊ भात आणि वरण आणून ठेवलं. तुला कल्पना आहे का, आपण आजारी नाही हे ओरडून सांगणारा माणूस किती आजारी दिसतो?

नोंदवही बघितली. नऊ तारीख, तुझी सही. आधीचं "स्वतः" खोडून माझं नाव. म्हणजे तुझेही अकरा शिक्के गेले. मला चिडवायला अकरा दिवसांची पायपीट तू पाण्यात घातलीस. तू माणूस आहेस की काय आहेस?

मला न विचारता माझं नाव कोणत्याही फळ्यावर लिहायचा तुला काय अधिकार? मी मेलोय? मी अंथरुणावर आहे? उद्याच्या उद्या काढ ते. तेराव्यावरही माझं नाव असेल, चौदाव्यावरही असेल, आणि मला प्रत्येक ठिकाणी मऊ भात खावा लागेल.

तिचं नाव मी काढणार नाही. तुझी आणि माझी गोष्ट एक नाही. मी ते प्रेमाने लिहिलंय.

भडकू

॰

चौदावा विसावा
१२ नोव्हेंबर

भडकू,

दोन दिवस इथेच आहे. पुढे मोठा उतार आहे आणि तडकलेल्या काचेतून पायरी कुठे संपते ते कळत नाही. इथल्या स्वयंपाकीणबाईंनी काचेला आतून चिकटपट्टी लावून दिली. उद्या सकाळी निघून पंधराव्यावर जाईन.

मी शिक्के चिडवायला घालवले नाहीत. तुला नाव काढ म्हणून सांगताना माझ्या वहीत अकरा शिक्के असणं मला बरं दिसेना. आणि हो, थोडंसं चिडवायलाही.

मीही प्रेमानेच लिहिलंय.

आजारी म्हणून तू एकच जेवण जेवलास. तिचं पत्र इथे कपाटात तुझ्या नावाने ठेवलंय. ते आधी वाच, मग मला शिव्या लिही.

ढिम्म

॰

९ नोव्हेंबर

मायना लिहीत नाही. कोणता लिहावा ते ठरेना.

दोन तारखेला आमच्या वसतिगृहात एक कार्ड आलं. पाकीट नाही, उघडं कार्ड. वर डोंगराचं चित्र. मागे छापलेलं: "आजारामुळे आपण चालू शकत नाही हे जाणून आपले एक हितचिंतक आपल्यासाठी संपूर्ण पदयात्रा करीत आहेत. आपणांस लवकर आराम पडो." खाली माझं नाव, खोलीच्या क्रमांकासकट पत्ता, आणि कारणाच्या जागी "चालू शकत नाही". हितचिंतकाचं नाव नाही. तू अर्ज भरलास तेव्हा पत्त्याचा रकाना कशासाठी आहे असं तुला वाटलं? कार्यालय त्या पत्त्यावर कार्ड टाकतं. दादाने, म्हणजे तुझ्या ढिम्मने, विचारून घेतलं, अर्जाच्या मागच्या बाजूला तसं छापलेलंही आहे.

टपाल आमच्याकडे आधी वॉर्डनबाई बघतात. त्यांनी मला ऑफिसातून आल्या आल्या बोलावलं. मी म्हटलं, मी आजारी नाही. त्या म्हणाल्या, मग कोणी उगाच कशाला चालेल? त्याच संध्याकाळी माझी खाट टोकाच्या खोलीत नेली, जिथे गाद्या ठेवतात. माझा पेला वेगळा झाला. त्याला लाल दोरा बांधलाय, चुकून दुसरीने घेऊ नये म्हणून. माझ्या आधीच्या खोलीतल्या दोघी अजून माझ्याशी बोलतात, पण दारातून.

हे सगळं मी सहन केलं असतं. पुढचं वाच.

ऑक्टोबरात कामावर सगळ्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती. माझे कागद तेवढे आलेले नव्हते. मी आईला फोन केला, कार्डाचं सांगितलं, आणि आई रडायला लागली. ती घाबरून रडत होती. मला वाटलं, तिला माहीत आहे. मला वाटलं, काहीतरी निघालंय, तपासणीवाल्यांनी घरी कळवलंय, आणि सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलंय, आणि त्यांच्यातलं कोणीतरी माझ्यासाठी चालायला गेलंय. सहा दिवस मी असं समजून होते. सहा दिवस मी जिना चढताना पावलं मोजली. औषधांच्या कारखान्यात मी गोळ्या तपासते, मला आजारांची नावं पाठ आहेत. रोज एक नवीन नाव स्वतःला लावून बघत होते. आठ तारखेला दादाचा फोन आला, "तुला काही झालेलं नाही, तो येडा तुझ्या नावाने चालतोय," तेव्हा मी फोनवर हसले आणि मग टोकाच्या खोलीत जाऊन उलटी केली.

ही पहिली वेळ असती तर मी फक्त रागावले असते. प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक म्हणाले, माझी रीडिंग्ज कोणाची तरी बघून लिहिली आहेत. माझी कच्ची वही पिशवीत होती. काढून दाखवायला दोन मिनिटं लागली असती. मी पिशवीत हात घातला तोवर पलीकडच्या टेबलावरून तू आलास आणि ब्युरेटच्या काचनळ्यांचा स्टँड उलटा केलास. तीन ब्युरेट फुटले. तू ताठ मानेने निघून गेलास. काचा मी वेचल्या. वही नंतर दाखवली, त्यांनी मान्यही केलं, पण त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी "जिच्यापायी ब्युरेट फुटले ती" होते. तू घरी बसलास. मला त्याच प्रयोगशाळेत रोज जावं लागलं.

माझ्यासाठी कॉलेज सोडलंस असं तू सगळ्यांना सांगतोस. माझ्यासाठी चालतोयस असं आता फळ्यावर लिहिलंयस. एकदा तरी मला विचारलंस का?

तू मला आवडायचास. काचा फुटायच्या आधी, बरेच महिने. आता ते सांगून काही उपयोग नाही, पण माझ्या मनात कधीच काही नव्हतं असं तू धरून बसू नयेस, कारण ते खोटं आहे.

माझं नाव काढ. आणि दुसरं काही करू नकोस. इथे येऊ नकोस, बाईंना फोन करू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. मी डॉक्टरचा दाखला आणलाय. बाई म्हणतात, दाखला ठीक आहे, पण कार्ड आलं ते आलंच. ते माझं मी बघेन.

॰

चौदावा विसावा
१३ नोव्हेंबर

ढिम्म्या,

वाचलं.

तू मला आठ तारखेलाच हे सांगायला हवं होतंस. काठी लागली तर लागली. माझी मानगूट धरून, भिंतीला टेकवून सांगायचंस. "हातपाय गार पडले" म्हणे. तुझे हातपाय गार पडले आणि तू चादरीची घडी घालत बसलास. यासाठी मी तुला माफ करणार नाही, आणि तुला माफ करणारा मी कोण असं तू म्हणशील, तर तेही खरं आहे.

पत्र वाचून झाल्यावर मी काय केलं ते सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. बूट घातले. टाच आत कोंबली. पिशवी उचलली. या विसाव्यापासून बसथांबा शंभर पावलांवर आहे. मी ठरवलं होतं, रात्रीपर्यंत तिच्या वसतिगृहाच्या दारात पोचायचं, त्या वॉर्डनबाईला बाहेर बोलवायचं, लाल दोऱ्याचा तो पेला तिच्यासमोर फोडायचा आणि चार जणींना ऐकू जाईल असं सगळं सांगायचं. पूर्ण भाषण तयार होतं. साठ-सत्तर पावलं गेलो असेन. भाषणात मी "तिच्यासाठी" असं तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझे पाय थांबले. रस्त्यात, भर उन्हात, येडबंबूसारखा उभा राहिलो. बस आली, कंडक्टरने विचारलं, "येताय का?" मी नाही म्हटलं. तो मलाच दोन शब्द सुनावून गेला. बरोबर केलं.

परत येऊन नोंदवहीच्या टेबलाशी गेलो. इथले काका निवृत्त शिक्षक आहेत. नाव काढायचंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, नियम चौथा मोठ्याने वाचून दाखवला, आणि पट्टी लावून तांबड्या शाईने नाव खोडलं. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात मारलेली नाही. मग रद्दचा शिक्का घेतला आणि एकेका पानावर मारत गेले. चौदा वेळा. मी मधेच म्हटलं, "एकदम नाही का मारता येत?" ते म्हणाले, "तुम्ही एकदम चाललात का?"

मग विचारलं, आता कोणासाठी? म्हटलं, कोणासाठीच नाही. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाले. "स्वतः" लिहा, सगळे तेच लिहितात. मी लिहिलं. लिहायची लाज वाटली, ढिम्म्या. तिचं नाव लिहिताना छाती फुगली होती.

वर्षभर मला वाटायचं, माझ्यावर अन्याय झालाय. ती उत्तर देत नाही, बाप बोलत नाही, कॉलेज दारात उभं करत नाही. सगळ्या जगाचा राग मी खिशात घेऊन हिंडत होतो. आता तो राग कुठे ठेवू तेच कळत नाहीये, कारण ज्याच्यावर काढायचा तो माझ्याच बुटात उभा आहे.

आवडायचो म्हणे. महिने म्हणे. तिने ते वाक्य लिहायला नको होतं. नाही, लिहिलं ते बरं केलं. मला माहीत नाही.

तुझ्या भिंगाचा नंबर काय आहे तो कळव. इथून टेम्पो गावात जातो, टेम्पोवाले काका म्हणतात चष्म्याचं दुकान आहे. डोंगर उतरायच्या आत नवीन काच बसवून देतो. आणि फळ्यावरचं माझं नाव काढू नकोस असं मी म्हणणार नाही. तुझा तू ठरव.

भडकू

॰

पंधरावा विसावा
१३ नोव्हेंबर

नंबर सांगणार नाही. गावातल्या दुकानात बसवलेलं भिंग माझ्या डोळ्यावर चढवायचं म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान आहे. घरी जाऊन मी स्वतः घासेन, तू शेजारी बसून यंत्राचं पायडल मार. दिवसभर.

आठ तारखेचं तुझं बरोबर आहे. मी घाबरलो होतो, तू ओरडत होतास, आणि मला वाटलं की गप्प राहिलो तर निदान मी चूक ठरणार नाही. तशी सवयच आहे मला. घडी घालायची सवय. यापुढे मानगूट धरेन.

तुझं नाव काढलं. आता दोघांच्याही वह्या कोऱ्या. उरलेल्या विसाव्यांत बावीस शिक्के भरणार नाहीत, म्हणजे डोंगरावर पोचून कागद काही मिळणार नाही. तरी उद्या इथे थांबतोय. ये. पुढच्या उतारावर माझ्या डावीकडून चाल, मला त्या बाजूचं दिसत नाही.

तिला लिहिलंस का?

ढिम्म

॰

पंधरावा विसावा
१५ नोव्हेंबर

पत्र चार वेळा लिहून फाडलं. चारही लांब होती. पहिल्या तिन्हींत माझंच रडगाणं होतं. चौथ्यात क्षमा मागितली होती, पण ती अशी मागितली होती की तुला ती द्यावीच लागावी. हे पाचवं, छोटं.

तुझं नाव १३ तारखेला काढलं. चौदाव्या विसाव्याच्या नोंदवहीत तशी नोंद आहे. फळ्यांवरूनही पुसलं आहे. मी स्वतः परत अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या विसाव्यावर टेम्पोने जाऊन बघून आलो. ढिम्म सोबत होता.

मी तुला कधीच विचारलं नाही. ब्युरेटच्या वेळी नाही, कॉलेज सोडताना नाही, अर्ज भरताना नाही. पत्त्याचा रकाना भरताना मला फक्त एवढाच आनंद झाला की तुझा पत्ता मला पाठ आहे. अर्ज उलटून मी बघितला नाही. सहा दिवसांचं तू जे लिहिलंयस ते मी रोज वाचतो. वाचून मला जे होतं ते तुला सांगून तुझ्या डोक्यावर आणखी ओझं टाकणार नाही.

बाराव्या विसाव्यावर माझंही नाव आजाऱ्यांत होतं, ढिम्मच्या कृपेने. मी पंचवीस माणसांना ओरडून सांगत होतो की मला काही झालेलं नाही. एकानेही ऐकलं नाही. ते एक जेवण होतं आणि मी उठून जाऊ शकत होतो.

आता एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. इथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं की कार्ड चुकीच्या माहितीवर गेलं असेल तर कार्यालय दुसरं पाठवतं. त्यावर शिक्का असतो आणि छापील मजकूर: "आधीच्या कार्डातील माहिती अर्जदाराने खोटी भरली होती. संबंधित व्यक्ती आजारी नाही." खाली अर्जदाराचं नाव आणि सही. म्हणजे माझी. तो अर्ज माझ्या समोर भरून पडलाय, सही तेवढी राहिली आहे.

तीन प्रकारे करता येतं. उघडं कार्ड थेट वॉर्डनबाईंच्या नावे. नाहीतर बंद पाकिटात तुझ्या नावे, मग दाखवायचं की नाही ते तुझं तू बघ. नाहीतर काहीच नाही. पहिल्या प्रकारात आणखी एक कार्ड सगळ्या वसतिगृहाच्या डोळ्यांखालून जाईल आणि माझं नाव तुझ्या नावाशेजारी छापलं जाईल. ते तुला चालेल की नाही हे मला माहीत नाही. आधी मला सगळं माहीत असायचं.

अर्ज न्यायला टेम्पोवाले काका बाहेर हॉर्न वाजवतायत. त्यांना अर्ज न घेता, हे पत्र तेवढं घेऊन जायला सांगितलंय. अर्ज मी खिशात घेऊन चालतोय. बावीस तारखेला डोंगरावरच्या कार्यालयात पोचेन, तिथे चोवीस तारखेपर्यंत थांबेन. तिथल्या पत्त्यावर एका ओळीत लिही: एक, दोन की तीन. दुसरं काही लिहायची गरज नाही.

उत्तर आलं नाही, तर ते "नाही" आहे असं मी धरेन, आणि सही करणार नाही.